वर्किंग कॉकरचं पिल्लू आणताय? आधी त्याच्या आईला भेटा

आमच्या मिरीला या मार्चमध्ये ५ वर्षं झाली. वर्किंग कॉकर स्पॅनियल, काळीभोर, छातीवर एक पांढरा ठिपका, वजन १२ किलो. आम्ही इंग्लंडमध्ये लीड्सला राहतो आणि ती घरात आल्यापासून इथल्या ओळखीतल्या मराठी मंडळींपैकी सहा-सात जणांनी तरी विचारलंय की आम्हालापण अशीच पाहिजे, कुठून आणली, त्रास देते का. प्रत्येकाला फोनवर तासभर सांगत बसते, म्हणून एकदा सगळं नीट लिहून काढतेय.

आधी एक गोष्ट. केनेल क्लबच्या, म्हणजे इथे कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, नोंदीत शो कॉकर आणि वर्किंग कॉकर अशा दोन जाती नाहीत, दोन्ही कॉकर स्पॅनियलच. पण शंभरेक वर्षं एका घराण्याची निवड दिसण्यावर झाली आणि दुसऱ्याची कामावर, त्यामुळे आता समोरासमोर उभे केले तर नात्यातले वाटणारपण नाहीत. शो कॉकरचे कान लांब लोंबते, डोकं गोल, केस दाट. वर्किंगवाला सडपातळ, कान जरा वर आणि आखूड, डोकं चपटं, केस कमी. कॉकर हे नाव वुडकॉक या पक्ष्यावरून आलंय, तो झुडपात दडून बसतो आणि त्याला उठवायचं हे यांचं मूळ काम. म्हणजे बंदुकीच्या टप्प्यात राहून डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे सगळा झाडोरा नाकाने पिंजून काढायचा, पक्षी उठवायचा, तो उठला की जागच्या जागी बसायचं, आणि सांगितलं की पडलेला पक्षी तोंडात अलगद धरून आणून द्यायचा. हे वाक्य परत एकदा वाचा, कारण यातली एकेक गोष्ट तुमच्या हॉलमध्ये होणार आहे. पिंजून काढायला सोफ्याच्या उशा, उठवायला बागेतली कबुतरं आणि तोंडात धरून फिरायला तुमचे मोजे.

माझं म्हणणं एवढंच आहे की हा कुत्रा पळवून पळवून शांत होत नाही. जेवढं पळवाल तेवढा त्याचा दम वाढतो आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडे एक खेळाडू तयार होतो ज्याला दोन तासही पुरत नाहीत. त्याच्या नाकाला काम द्या आणि ते काम तुमच्याबरोबर असू द्या, मग बघा संध्याकाळी कसा पायाशी येऊन पडतो ते.

आता निवडीबद्दल. पिल्लू बघायला जाऊ नका, त्याची आई बघायला जा. पिल्लं सगळीच गोड असतात, पाच आठवड्यांचं काळंभोर गोळ्यासारखं पिल्लू मांडीवर आलं की कोणाचीही बुद्धी चालत नाही. आई मात्र सगळं सांगते. तुम्ही आत आल्यावर ती पुढे येते का, वास घेऊन झाला की बाजूला जाऊन पडते का, की अर्धा तास झाला तरी हॉलभर येरझाऱ्या घालत असते? पिल्लांजवळ जरा सावध असणं साहजिक आहे, पण अंग चोरून बसलेली किंवा गुरगुरणारी आई असेल तर मी ते पिल्लू घेणार नाही, कितीही सुंदर असलं तरी. ब्रीडरला, म्हणजे पिल्लांची पैदास करणाऱ्याला, सरळ विचारा की ही घरात राहते का बाहेर केनेलमध्ये, हिला काही काम नसताना स्वस्थ पडता येतं का, तोंडातली वस्तू मागितली तर देते का. बाप बहुतेक वेळा तिथे नसतो, दुसऱ्याचा असतो, पण त्याच्या मालकाशी फोनवर बोलता येतं आणि जरूर बोला.

पेडिग्रीच्या, म्हणजे वंशावळीच्या, कागदावर काही नावं लाल अक्षरात दिसतील, ते फील्ड ट्रायल चॅम्पियन, म्हणजे शिकारी कुत्र्यांच्या कामाच्या स्पर्धांमधले विजेते. लोकांना वाटतं जेवढी लाल नावं जास्त तेवढं पिल्लू भारी. ज्यांना ट्रायलला उतरायचंय त्यांच्यासाठी ठीक आहे पण पहिलाच कुत्रा, घरात लहान मुलं, दोघं नोकरीला, अशा घरात चार पिढ्या लाल असलेलं पिल्लू म्हणजे शिकाऊ ड्रायव्हरला रेसिंग कार दिल्यासारखं होतं. मी शोधताना मुद्दाम असे आईबाप बघितले जे हिवाळ्यात शनिवारी बीटिंग लाइनला जातात, म्हणजे झाडोऱ्यातून पक्षी हाकलायच्या कामाला, आणि बाकीचे सहा दिवस किचनमध्ये टोपलीत झोपतात.

तब्येतीचे कागद मागायला अजिबात संकोच करू नका, चांगला ब्रीडर आपणहून काढून दाखवतो. डीएनए टेस्टमध्ये निदान पीआरए, एफएन, एएमएस आणि एओएन ही चार नावं बघा. पीआरएमध्ये डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होऊन कुत्रा आंधळा होतो, एफएनमध्ये अगदी लहान वयात किडन्या जातात, एएमएसमध्ये पंज्यांना वेदना कळत नाहीत त्यामुळे कुत्रा स्वतःचेच पंजे चावून जखमी करतो, आणि एओएन उतारवयात मागच्या पायांपासून सुरू होऊन अंग लुळं पाडतो. निकालात क्लिअर (दोष नाही), कॅरिअर (दोष अंगात आहे पण आजार होत नाही) किंवा अफेक्टेड (आजार होऊ शकतो) असं लिहिलेलं असतं. कॅरिअर बघून घाबरायचं कारण नाही, दोघांपैकी एक जरी त्या आजारासाठी क्लिअर असेल तर पिल्लाला तो आजार होत नाही, दोघं कॅरिअर असतील तर मात्र प्रत्येक पिल्लामागे चारात एक एवढी शक्यता असते, तिथे जायचंच नाही. शिवाय आईबापाची डोळ्यांची तपासणी अलीकडची आहे का आणि हिप स्कोअर, म्हणजे खुब्याच्या सांध्यांच्या तपासणीचा आकडा, किती, तेही विचारा. हिप स्कोअर ० ते १०६ असतो आणि जितका कमी तितका चांगला. "आमच्या व्हेटने बघितलंय, एकदम फिट आहेत" हे डीएनए टेस्टच्या जागी चालत नाही.

कायदापण माहीत हवा. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२० पासून लूसीज लॉ आहे, त्यानुसार पिल्लू थेट ब्रीडरकडूनच घ्यायचं किंवा मग रेस्क्यूतून, म्हणजे बेवारस आणि सोडून दिलेली कुत्री सांभाळणाऱ्या संस्थेतून, मधला विक्रेता चालत नाही, आणि पिल्लू जन्मलं त्या जागी आईसोबत दाखवलंच पाहिजे. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू देता येत नाही. मायक्रोचिप २०१६ पासून सक्तीची आहे आणि ती आधी ब्रीडरच्या नावावर नोंदलेली असायला हवी, मग तुमच्या नावावर होते. वर्किंग कॉकरच्या बाबतीत अजून एक, शेपूट. बऱ्याच पिल्लांची शेपटी थोडी कापलेली असते कारण काटेरी झुडपात आपटून आपटून टोक रक्तबंबाळ होतं. हे फक्त कामाच्या कुत्र्यांसाठी आणि जन्मापासून ५ दिवसांच्या आत व्हेटनेच करायला परवानगी आहे, त्याचं सर्टिफिकेट असतं, ते मागून घ्या. ते नसेल तर तिथून निघा.

आम्ही पहिल्यांदा एका ऑनलाइन जाहिरातीवरून गेलो होतो. घर स्वच्छ, पिल्लं हॉलमध्ये छान पिंजऱ्यात, माणूस बोलायला गोड. आई कुठेय विचारलं तर म्हणाला बहिणीने फिरायला नेलीय. आम्ही म्हटलं थांबतो. मग म्हणाला की ती आज परत येणार नाही. पिल्लांच्या अंगाला कसलाच वास नव्हता, दुधाचा नाही, गवताचा नाही, नुसता शाम्पूचा. आम्ही उठलो. गाडीत लेक पूर्ण रस्ताभर रडली आणि मलापण भरून आलं होतं, पण तेव्हा उठलो ते बरं झालं असं आजही वाटतं.

लिटरमधून, म्हणजे एका वेताच्या पिल्लांमधून, कोणतं घ्यायचं? रंग आणि ठिपके विसरा. सगळ्यात पुढे येऊन बुटाची लेस ओढणारं आणि सगळ्यात मागे कोपऱ्यात बसलेलं, पहिल्या कुत्र्यासाठी ही दोन्ही सोडा, मधलं बघा जे येतं, वास घेतं, जरा खेळतं आणि मग आपलं आपण जाऊन झोपतं. पण तुम्ही एक तास बघणार आणि ब्रीडरने आठ आठवडे बघितलेलं असतं, त्यामुळे तुमचं घर कसं आहे ते त्याला खरं खरं सांगा आणि त्याने सुचवलेलं पिल्लू घ्या. डोळे स्वच्छ, कानाला वास नाही, पोट फुगलेलं नाही एवढं स्वतः बघा. आणि एकमेकांना सोबत होईल म्हणून एकाच लिटरमधली दोन आणू नका, ती एकमेकांचीच होतात, तुमची होत नाहीत.

घरी आल्यावर पहिले काही आठवडे सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे झोप. पिल्लाला दिवसाची १८ ते २० तास झोप लागते आणि वर्किंग कॉकर ती आपणहून घेत नाही, कारण घरात काहीतरी हललं की त्याला तिथे हजर राहायचं असतं. मग संध्याकाळी सहा-सातला ते वेड्यासारखं पळायला लागतं, पायाला चावतं, पडद्याला लोंबकळतं आणि आपल्याला वाटतं एनर्जी जास्त झालीय, अजून खेळवू या. उलट असतं. जागरण झालेलं लहान मूल कसं किरकिरं होतं तसं ते झालेलं असतं. त्या वेळी अंधाऱ्या शांत कोपऱ्यात क्रेटमध्ये किंवा छोट्या कुंपणात ठेवा, पाच मिनिटं कुरकुरेल आणि मग मेल्यासारखं झोपेल. साताऱ्याहून माझी आई आली होती तेव्हा, तिने पहिल्याच दिवशी हे ओळखलं, "अगं तिला झोप आलीय, खेळवतेस काय" म्हणाली. कुत्रा घरात नको म्हणणारी माझी आई.

आता नाकाचं काम. यासाठी काहीही विकत आणावं लागत नाही. रोजच्या खाण्यातलं मूठभर घेऊन बागेत गवतात उधळा आणि शोधायला सोडा. पहिल्या दिवशी चार-पाच दाणे जवळजवळ, मग हळूहळू लांब. ते जमलं की टेनिसचा बॉल. फेकायचा नाही. कुत्रा आत असताना तुम्ही जाऊन झुडपात लपवून यायचा आणि मग त्याला घेऊन जायचं. मिरीचं बघताना मला अजून कौतुक वाटतं. ती नाक खाली घालून डावीकडे जाते, वळते, उजवीकडे येते, शेपूट एका लयीत हलत असते, आणि मग कुठेतरी वाऱ्याबरोबर वासाची एक रेघ तिला लागते आणि शेपटीचा वेग एकदम दुप्पट होतो, मागचं अंग सगळं थरथरायला लागतं, डोकं झटक्यात वळतं आणि ती सरळ त्या वासाच्या मुळाशी जाते. अशी दहा मिनिटं झाली की ती घरी येऊन दोन तास झोपते. तेच बॉल-थ्रोअरने ५० वेळा बॉल फेकला तर घरी येऊन ती बॉलच शोधत फिरते, डोळे मोठे, जीभ बाहेर, स्वस्थता नाही. नुसतं बॉलमागे पळवणं हे मी या जातीसाठी बंदच केलंय, सांध्यांनापण ते वाईट. याच नाकामुळे पोलीस आणि एअरपोर्टवाले स्फोटकं नि ड्रग्ज शोधायला कॉकर घेतात.

शिट्टी पहिल्या आठवड्यापासून. स्पॅनियलवाले बहुतेक ॲक्मे कंपनीची २१०.५ नंबरची वापरतात, फायदा हा की त्या नंबरच्या प्रत्येक शिट्टीचा सूर सारखाच असतो, हरवली तर तशीच दुसरी घ्या, घरात चार जणांना चार द्या. एक लांब पीईईप म्हणजे बस, आणि पिप-पिप-पिप-पिप म्हणजे इकडे ये. शिकवायचं जेवणाच्या वेळी. वाटी हातात वर धरा, एक लांब शिट्टी, पिल्लू वर बघता बघता आपोआप बसतं, बूड जमिनीला टेकलं की वाटी खाली. रोज तीन वेळा जेवण म्हणजे रोज तीन धडे, वेगळा वेळ लागत नाही. पुढे वर्षाचा झाल्यावर समोरून ससा पळाला तर हीच शिट्टी कामाला येते.

मोज्यांबद्दल जरा सविस्तर सांगते कारण बऱ्याच घरांत बिघाड इथूनच सुरू होतो. कॉकर काहीतरी तोंडात घेऊन येणारच, रक्तातच आहे. आपण काय करतो, ओरडतो, मागे पळतो, जबड्यात बोटं घालून काढून घेतो. तिसऱ्या-चौथ्या वेळेला पिल्लू सोफ्याखाली जाऊन वस्तूवर बसून गुरगुरायला लागतं, मग लोक म्हणतात की कुत्रा तापट निघाला. अहो, तुम्ही त्याला शिकवलंत की आणलेली वस्तू हिसकली जाते. मोजा घेऊन आला की खाली बसा, हात पसरा, शाब्बास म्हणा, तोंडाला हात न लावता मान-छाती कुरवाळा, वस्तू थोडा वेळ त्याच्याकडेच राहू दे, मग नाकासमोर खाऊ धरा आणि सुटली की घ्या. शक्य असेल तर परतसुद्धा द्या. घरात सगळ्यांनी असंच करायचं, आजी-आजोबांनीपण. मोजे मात्र उचलून ठेवा, गिळले तर पोटाचं ऑपरेशन करावं लागतं.

सहा-सात महिन्यांपासून वर्ष-सव्वा वर्षापर्यंत कान बंद झाल्यासारखे होतात. हाक मारली तरी यायचं नाही, नाक जिथे नेईल तिकडे. रेस्क्यूमध्ये जे वर्किंग कॉकर येतात त्यातले कितीतरी याच वयाचे असतात, बघून फार वाईट वाटतं. या काळात हार्नेसला १० मीटरची लांब दोरी लावून फिरवा, महिनोन्महिने, कंटाळा न करता. दोनदा-चारदा पक्ष्यामागे पळायची मजा कळली की ते मोडणं फार अवघड. आणि आमच्यासारखे तुम्ही यॉर्कशरमध्ये असाल तर मेंढ्यांची भीती मनात ठेवाच, मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो आणि मालकावर खटला होतो. इंग्लंडमधल्या खुल्या माळरानांवर १ मार्च ते ३१ जुलै लीड (गळ्याच्या पट्ट्याला लावायची आखूड दोरी) सक्तीची असते, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांसाठी. मिरी त्या महिन्यांत माळावर लीडवरच असते.

कान आणि पंजे यांची काळजी म्हणजे जून ते सप्टेंबर रोज रात्रीचं काम. गवताचं कुसळ बाणासारखं असतं, आत शिरतं पण मागे येत नाही, बोटांच्या बेचक्यातून कातडीत घुसतं नाहीतर कानात जातं. कानाच्या आतल्या बाजूचे आणि बोटांमधले केस कात्रीने कमी ठेवा. अंगावर मशीन मात्र फिरवू देऊ नका, केसांचा पोत बिघडतो, ग्रूमरला आधीच सांगा. पाण्यातून आली की कान कोरडे करा.

खाण्याबद्दल आपल्या घरांसाठी खास. कांदा आणि लसूण दोन्ही कुत्र्याला विषारी, शिजवलेलेसुद्धा, म्हणजे आपली आमटी-भाजी-रस्सा जवळपास सगळंच बाद. द्राक्षं, मनुका, बेदाणे तर थोडेसुद्धा नाहीत. आमच्याकडे सत्यनारायण होता, पन्नास माणसं, कोणाच्या तरी हातून प्रसादाचा द्रोण पडला आणि मिरीने शिरा बेदाण्यांसकट क्षणात साफ केला. सगळे म्हणत होते प्रसाद आहे, काही होत नाही. मी व्हेटला फोन लावला, त्यांनी लगेच बोलावून उलटी करवली, त्यात पाच बेदाणे निघाले. त्या रात्री मी तिच्याशेजारी जमिनीवर झोपले. व्हेट लागत नसेल तर इथे ॲनिमल पॉयझनलाइन म्हणून २४ तासांची फोनसेवा आहे, पैसे लागतात पण नंबर फ्रिजवर लावून ठेवा. साधी पोळी, तीही तुकडाभर, तूप न लावता, एवढं चालतं.

पुण्याहून चुलत भाऊ विचारत होता की तिकडे मिळेल का. भारतात १९७२ च्या कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे कामासाठी पैदास केलेली घराणी तिकडे टिकायचं कारणच उरलं नाही, कॉकर म्हणून मिळतात ते बहुतेक शो प्रकारचे. वर्किंग म्हणून कोणी जास्त पैसे मागितले तर आईबापाचे कागद बघितल्याशिवाय देऊ नका. साधा कॉकर घेतलात तरी नाकाचे खेळ हेच, फिरणं उजाडायच्या आत, आणि गोचीडांकडे फार लक्ष.

शेवटी दिवाळीचं. इथे ५ नोव्हेंबरची बॉनफायर नाइट, म्हणजे इंग्लंडमधली फटाक्यांची रात्र, आणि आपली दिवाळी मागेपुढेच येतात, दिवाळीच्या रात्री फटाक्यांना १ वाजेपर्यंत परवानगी असते, म्हणजे चांगले दोन-तीन आठवडे आवाज चालू. पिल्लू असतानाच, उन्हाळ्यातच, फटाक्यांच्या आवाजाचं रेकॉर्डिंग अगदी बारीक लावून तेव्हा त्याला जेवायला द्या, आणि आठवड्या-आठवड्याने थोडं थोडं मोठं करत न्या, कान टवकारले की परत कमी. नोव्हेंबरात संध्याकाळचं फिरणं चारच्या आत उरकून घ्या, पडदे ओढा, टीव्ही चालू ठेवा. मिरीसाठी आम्ही जिन्याखालच्या कपाटात तिची जुनी चादर टाकून दार उघडं ठेवतो. पहिली दोन वर्षं ती तिथे जाऊन बसायची, गेल्या दिवाळीत मात्र मी करंज्या तळत होते तेव्हा किचनच्या दारात झोपूनच होती.